हँडगिअरच्या जुन्या गाडीत गिअर मऊ कसा टाकायचा? (पद्मिनी, ७८ मॉडेल)

पद्मिनीवाला_नौपाडा

राम राम मंडळी. मामांची पद्मिनी आता माझ्याकडे आलीये. ७८ चं मॉडेल, हँडगिअर (म्हणजे गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी), रंग मूळचाच फिकट निळा, आणि मामांशिवाय कोणी चालवलीच नाही त्यामुळे आतून-बाहेरून एकदम टकाटक. इंजिन अर्ध्या सेल्फला चालू होतं, गरम होत नाही, तिकडे काही तक्रार नाही.

प्रश्न आहे गिअरचा. मी शिकलो मारुतीवर, रोजची गाडीपण आजकालची पाच गिअरवाली, तिच्यात गिअर कधी पडला ते कळतसुद्धा नाही. इथे मात्र तीन हात नाक्याला सिग्नल सुटतोय, गाडी अजून हळूहळू सरकतेय आणि दुसऱ्यातून पहिला टाकायला गेलं की खर्रर्र... शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना कधी गुपचूप पडतो कधी ओरडतो. सकाळी गाडी काढली की दुसरा ऐकतच नाही, कोपरीपर्यंत गेलो की मग सुधारतो. रिव्हर्सची तर सोसायटीत ख्याती झालीये. आणि आवाज न करता गिअर पडला तरी क्लच सोडताना गचका बसतो तो वेगळाच, आई मागे बसते ती म्हणते मामा चालवायचा तेव्हा कळायचंपण नाही.

एका गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या ऐकून "सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले, बॉक्स उतरवायला लागेल" असं सांगून टाकलं, गाडी चालवून बघायचे कष्टपण घेतले नाहीत. खर्चाला ना नाही, पण बॉक्स उतरवायच्या आधी मला हे कळायला पाहिजे की दोष हाताचा आहे की गाडीचा. जुनी गाडी रोज चालवणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा.

टाइमपास_टपरी

टेप मोठ्याने लावा, आवाज येणार नाही. हलके घ्या.
बाकी फोटो कुठेत? फोटोशिवाय पद्मिनीचा धागा म्हणजे फाऊल.

डबलक्लच

फोटो नंतर टाका, आधी तो पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायचं बंद करा. आजपासून. आत्तापासून.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाटची ११०० डिलाइट, कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेली. तिच्यात दुसरा, तिसरा, चौथा या तिघांना सिंक्रो आहे, पहिल्याला नाही आणि रिव्हर्सला नाही. गाडी नवीन होती तेव्हाही नव्हता, म्हणजे "गेला" वगैरे काही नाही, जे नव्हतंच ते जाणार कुठे. त्या काळच्या बहुतेक गाड्या तशाच, अ‍ॅम्बेसेडरचंही तेच, जुन्या जीपचंही तेच. पहिला हा गाडी उभी असताना टाकायचा गिअर, एकदा गाडी हलली की त्याचं काम संपलं. सिग्नलला गाडी सरकत असेल तर दुसऱ्यातच ठेवा, किंचित हाफ क्लच देऊन ती दुसऱ्यातून उचलते, इंजिन १०८९ सीसीचं असलं तरी खालच्या रेसमध्ये चांगलं ओढतं. अगदीच थांबायला आली तर सरळ थांबवा आणि मग पहिला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. ठाण्यात मागचा हॉर्न तसाही वाजवतोच.

आता उभ्या गाडीतही पहिला कधीकधी खर्र करतो ना? त्याला कारण असं की न्यूट्रलमध्ये क्लच वर असताना बॉक्समधला खालचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. क्लच दाबला की त्याला मागून ढकलणारं कोणी नाही, पण तो लगेच थांबत नाही, दोन-तीन सेकंद घेतो. तेवढ्यात तुम्ही पहिला ढकलता. एकतर तेवढं थांबायचं, किंवा जुन्या टॅक्सीवाल्यांची युक्ती, क्लच दाबून आधी दुसऱ्याला नुसतं टेकवायचं आणि क्लच न सोडता तसाच पहिल्यात आणायचा. दुसऱ्याचा सिंक्रो त्या शाफ्टला ब्रेक लावून थांबवतो, मग पहिला आवाज न करता पडतो. रिव्हर्सलाही हेच. करून बघा आणि सांगा, सोसायटीतली ख्याती बंद होते का.

तिसरा ते दुसरा हा मोठा विषय आहे, रात्री लिहितो. वडील एसटीत ड्रायव्हर, खोपट डेपो, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर भांडणं झालेली आहेत.

अबोली_सानपाडा

+१. दुसऱ्याला टेकवून पहिला टाकायची युक्ती माझ्या अ‍ॅम्बेसेडर मार्क फोरमध्येही चालते. वाचनखूण साठवली.

डबलक्लच

हां, आता तिसरा-दुसरा.

सिंक्रो म्हणजे पितळेची एक रिंग. गिअर पडायच्या आधी ती दुसऱ्या बाजूला घासते आणि दोघांचा वेग सारखा करते, मग दात एकमेकांत जातात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये हे पहिल्यांदा गाडीत आणलं, त्याआधी सगळं ड्रायव्हरच्या पायावर आणि कानावर. आपल्या जुन्या एसटी आणि ट्रकलाही सिंक्रो नव्हता, म्हणून डबल क्लच. पद्मिनीला आहे, पण त्या रिंगा ७८ च्या आहेत, आजच्या गाडीतल्या नाहीत. त्यांना वेळ लागतो. तुम्ही आजच्या गाडीच्या हिशोबाने फटकन ओढता आणि रिंगेचं काम व्हायच्या आत दात भिडतात.

वर जाताना सोपं आहे. पहिल्यातून दुसरा, क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, तिथे जरासा रेंगाळा, मग पुढे. त्या रेंगाळण्यात शाफ्टचा वेग आपोआप उतरतो. वडील सांगायचे, गिअर ढकलायचा नाही, दोन बोटांनी दाब देऊन वाट बघायची, त्याची वेळ झाली की तो स्वतः आत जातो. हे खरंच तसं होतं, बोटांना कळतं, एक हलकासा अडथळा असतो आणि मग तो विरघळतो.

खाली येताना उलटं, शाफ्टचा वेग वाढवायला पाहिजे आणि तो आपोआप वाढत नाही. तिथे डबल क्लच. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, आता न्यूट्रलमध्येच हलकी रेस द्या, लगेच क्लच परत दाबून दुसऱ्यात टाका, क्लच सोडा. वाचायला लांबलचक वाटतं पण हात बसला की एका दमात होतं.

उगाच_शंका

एक बाळबोध शंका. क्लच दोनदा दाबला तर क्लचप्लेट दुप्पट झिजणार नाही का? आणि मधे क्लच सोडायचा कशाला, दाबून ठेवूनच रेस दिली तर काय बिघडतं? इंजिनाचा वेग वाढला म्हणजे झालं ना.

डबलक्लच

चांगली शंका आहे, उगाच नाही.

क्लच दाबलेला असताना रेस दिली तर फक्त इंजिन फिरतं. बॉक्समधला शाफ्ट इंजिनापासून तुटलेला आहे, त्याला त्या रेसचा पत्ताच नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की इंजिन आणि तो शाफ्ट जोडले जातात, मग रेस दिली की दोघे एकत्र वर येतात. तेच तर पाहिजे.

आकड्यात सांगतो. समजा तिसऱ्याचा रेशो १.५ आहे आणि दुसऱ्याचा २.४. तिसऱ्यात इंजिन २००० ला फिरतंय. गाडीचा वेग तोच ठेवून दुसरा टाकायचा तर इंजिन आणि शाफ्ट दोघांना ३२०० वर जावं लागेल. हा १२०० चा फरक कोणीतरी भरून काढायचा आहे. तुम्ही रेस देऊन भरा, नाहीतर ती बिचारी पितळी रिंग घासून घासून भरेल. चालत्या लोकलमध्ये चढणारा आधी फलाटावर गाडीबरोबर धावतो ना, उभ्या उभ्या उडी मारली तर काय होतं ते आपल्याला माहितीये. डबल क्लच म्हणजे ते धावणं, बाकी काही नाही.

आणि झिजण्याचं म्हणाल तर क्लचप्लेट झिजते ती घसरल्यामुळे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडताना प्लेटवर गाडीचा भारच नसतो. त्यापेक्षा चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे आणि रिकामा पाय क्लचवर ठेवून हिंडणारे जास्त खर्चात पडतात.

खडूस_म्हातारा

एवढी कसरत करण्यापेक्षा फ्लोअर गिअर बसवून टाका ना. शेवटच्या शेवटच्या पद्मिनींना कंपनीनेच फ्लोअर गिअर दिला होता की. लोक अजून हँडगिअर कुरवाळत बसलेत.

अबोली_सानपाडा

काका, मग स्टिअरिंगपण बदला, इंजिनपण बदला, शेवटी पद्मिनीची नंबरप्लेट तेवढी राहील :)
आणि फ्लोअर गिअर बसवला म्हणून आतले सिंक्रो बदलत नाहीत, बॉक्स तोच असेल तर खर्रर्रही तोच.

पद्मिनीवाला, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे प्रश्न मिसळलेत असं मला वाटतं. खरखर हा एक, गचका हा दुसरा. वर सगळे खरखरीबद्दलच बोलतायत. गचका बसतो तो गिअर पडल्यानंतर, क्लच सोडताना, कारण इंजिनाचा वेग आणि चाकांना हवा असलेला वेग जुळत नाही आणि तो फरक मागे बसलेल्याच्या मानेवर निघतो. माझी अ‍ॅम्बी जड आहे, तिच्यात हे फार कळतं.

वर जाताना लोक अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडतात, गिअर टाकायला वेळ घेतात (या गाड्यांत घ्यावाच लागतो), तोवर इंजिन पार आयडलला उतरतं, मग क्लच सोडला की गाडी मागे खेचल्यासारखी होते. उपाय म्हणजे गिअर आत गेला की क्लच वर यायला लागतानाच अ‍ॅक्सिलेटरवर नखभर दाब. नखभर म्हणजे खरंच नखभर. क्लच जिथे पकडायला लागतो तिथे पाय क्षणभर थबकू द्या, बाकीचा प्रवास झटकन केला तरी चालतो. खाली येताना उलट, रेस कमी पडली की गाडी नाक खाली घालते, जास्त झाली की पुढे उडी मारते.

सराव करायचा तर पाम बीच रोडला रविवारी पहाटे या. सिग्नल कमी, रस्ता सपाट, वाशीकडून बेलापूरकडे जाताना डावीकडची लेन धरून आरामात तिसरा-चौथा-तिसरा करत राहायचं. ठाण्यात राम मारुती रोडवर संध्याकाळी शिकायचा प्रयत्न केला तर गाडी विकायची इच्छा होईल. आणि सराव करताना काच खाली ठेवा, या गाड्यांना आरपीएमचा काटा नसतो, कान हाच काटा. दुसऱ्यात ताशी तीसला इंजिनाचा सूर कसा असतो तो एकदा डोक्यात बसला की तिसऱ्यातून खाली येताना रेस किती द्यायची ते विचारावं लागत नाही, तो सूर आला की टाकायचा.

आईंना मात्र सराव संपल्यावरच बसवा.

वागळेचा_फिटर

उशिरा आलो, काम होतं. हाताचं बरंच झालं आता गाडीचं बोलू कारण गाडीत खोट असली तर वर लिहिलेलं सगळं करूनपण आवाज येणारच आणि मग तुम्हाला वाटेल आपल्यालाच जमत नाही.

पहिली गोष्ट इंजिन बंद करा, क्लच दाबा, सगळे गिअर एकेक टाकून बघा, गाडी मागेपुढे थोडी हलवायला लागेल कधीकधी दात समोरासमोर येतात म्हणून. इंजिन बंद असताना गिअर अडखळत पडत असेल, दांडी सैल लागत असेल, न्यूट्रलला नक्की कुठे आहे कळत नसेल तर दोष बॉक्सचा नाही, स्टिअरिंगपासून बॉक्सपर्यंत जे रॉड आणि बुश येतात त्यांचा आहे. हँडगिअरमध्ये तोच सगळ्यात पहिला झिजतो. बुश झिजले की वर तुम्ही पूर्ण दांडी ओढता आणि खाली गिअर अर्धाच जातो, मग तो सटकतो नाहीतर घासतो. बुश बदलणं आणि रॉडची सेटिंग करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, बॉक्सला हातपण लावायला लागत नाही.

दुसरी गोष्ट इंजिन चालू, आयडलला, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. थांबूनपण खर्र केलं तर क्लच पूर्ण सुटत नाही. तेवढ्या वेळात शाफ्ट थांबायलाच पाहिजे, थांबत नाही म्हणजे क्लच त्याला फिरवतोय. त्याची कारणं, पेडलचं प्ले (सुरुवातीची फुकट चाल) जास्त झालंय, प्लेट वाकडी झालीये, प्लेटवर ऑइल आलंय, नाहीतर फ्लायव्हीलमधलं ते छोटं पायलट बुश धरतंय. आधी फुकटचं बघायचं, म्हणजे प्ले. मग चटई. हसू नका, जाड रबरी चटई पेडलखाली जमून क्लच अर्धाच दबणाऱ्या गाड्या माझ्याकडे येऊन गेल्यात.

या दोन्ही टेस्ट चांगल्या निघाल्या आणि तरी गरम गाडीत, नीट डबल क्लच करून, दुसरा ओरडतोच तेव्हा सिंक्रोचा संशय घ्यायचा. त्याआधी नाही.

तिसरं ऑइल. सकाळी दुसरा ऐकत नाही आणि कोपरीपर्यंत गेल्यावर ऐकतो म्हणालात तिथे माझा कान टवकारला. बरेच लोक बॉक्सचा आवाज दाबायला १४० नंबरचं जाड ऑइल टाकतात. आवाज दबतो पण थंडीत रिंगेला ते जाड ऑइल चिरून बाजूला करता येत नाही आणि ती पकडतच नाही. दुसरं म्हणजे जीएल-५ दर्जाचं ऑइल. डब्यावर मोठा आकडा म्हणून लोक भारीतलं समजून घेतात. ते डिफरन्शिअलसाठी चांगलं, पण त्यातली केमिकलं काही ऑइलमध्ये पितळ खातात आणि रिंगेची पकडपण कमी करतात. पितळी सिंक्रोच्या जुन्या बॉक्सला ९० नंबरचं जीएल-४ मागा आणि डबा स्वतः वाचून घ्या, दुकानदार म्हणेल सगळं एकच असतं, नसतं.

उगाच_शंका

फिटरभाऊ, ही माहिती धाग्यात वर पिन करायला पाहिजे. संपादक बघत असतील तर विनंती.

पद्मिनीवाला_नौपाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट देतो.

इंजिन बंद ठेवून गिअर लोण्यासारखे पडतात, दांडीला थोडा लूज आहे पण गिअर पूर्ण आत जातो. क्लच दाबून पाच सेकंद थांबून रिव्हर्स, खर्र! म्हणजे क्लच सुटत नाहीये. चटई काढून बघितली, फरक नाही. मग ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिककडे नेली, तो म्हणाला पेडल जवळजवळ अर्धं फुकटच खाली जातंय, त्याने अ‍ॅडजस्ट करून दिलं, चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. आता रिव्हर्स शांत आणि पहिला दुसऱ्याला टेकवून टाकला की पत्तापण लागत नाही. गिअरबॉक्स उतरवण्यापासून वाचलो.

डबल क्लच अजून हातात बसलेला नाही. उपवनकडून येऊरच्या फाट्यापर्यंत चकरा मारतोय, दुसरा कधी असा पडतो की वाटतं झालं जमलं, आणि पुढच्याच वळणाला परत ओरडतो. सकाळचा थंडीतला त्रास मात्र तसाच आहे, त्यामुळे ऑइलचा संशय खरा वाटतोय.

एक विचारायचं होतं, रोज प्रत्येक गिअरला डबल क्लच करायचाच का? ट्रॅफिकमध्ये पाय भरून येतात हो.

वागळेचा_फिटर

नाही. सिंक्रो चांगले आहेत ना, मग सरळ क्लच, न्यूट्रलला जरा थांबून गिअर, बस. कंपनीने सिंक्रो दिला तो वापरायलाच. गिऱ्हाईक सगळीकडे डबल क्लच करायला लागलं की अर्ध्या वेळा रेस जास्त देतं आणि रिंगेला उलटाच त्रास, वेग खालून वर आणायच्या ऐवजी वरून खाली आणत बसते ती.

डबलक्लच

इथे मी असहमत. ज्या गाडीचे सिंक्रोचे सुटे भाग आता शोधत फिरावं लागतं तिथे ती रिंग जेवढी वाचेल तेवढी वाचवावी. रेस जास्त होते ती शिकताना होते, म्हणून शिकायचंच नाही का?

वागळेचा_फिटर

शिका ना, पण माजिवड्याच्या जॅममध्ये नको. सिग्नलला गाडी घसरत येतेय तर तिसऱ्यातून दुसरा टाकायची गरजच काय, ब्रेक मारा, थांबा, पहिला टाका. लोक उगाच गिअर मोजत खाली येतात.

अबोली_सानपाडा

दोघांचं थोडं थोडं खरं आहे. मी वर जाताना कधीच करत नाही, नुसती रेंगाळते. खाली येताना तिसरा-दुसरा तेवढा करते, आणि तोही गाडी तीसच्या आत आल्यावरच. पन्नासला दुसरा टाकायचा हट्ट केला तर डबल क्लच काय, देवही वाचवणार नाही.

हँडगिअरबद्दल एक राहिलं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडीची पातळी बदलते, लोक तिरपी ओढतात आणि मग ती मधेच अडकते. दोन वेगळ्या हालचाली करायच्या, आधी न्यूट्रल, मग पातळी, मग गिअर. मूठ आवळून धरू नका, तळहात उघडा ठेवून ढकला, ओढताना बोटांनी ओढा. मूठ आवळली की खांद्याचा जोर जातो आणि सगळा जोर त्या बिचाऱ्या बुशवर.

घाटवाला_जीप

माझी तीन गिअरची जुनी जीप आहे, तिच्यातही पहिल्याला सिंक्रो नाही, त्यामुळे या धाग्यावर घरच्यासारखं वाटतंय. कोणी उताराचं बोललं नाही म्हणून लिहितो.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. घोडबंदरवर गायमुखचा उतार, मुंब्रा बायपासचा उतार, किंवा लांब गेलात तर कसारा, इथे गाडी चौथ्यात सोडून नुसत्या ब्रेकवर आणली की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी, वर सपाटीवरच, खालचा गिअर टाकून घ्यायचा. जुना हिशोब आहे, ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. उतारात मधेच वाटलं आता तिसरा टाकू आणि न्यूट्रलला आल्यावर गिअर पडलाच नाही, तर गाडी मोकळी सुटते, दर क्षणाला वेग वाढतो आणि गिअर पडायची शक्यता अजूनच कमी होत जाते. अशा वेळी तिसऱ्याच्या मागे लागू नका, चौथा पटकन पडतो तो टाका, ब्रेकने वेग मारा आणि मग बघा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार.

चढावर उलट चूक होते. इंजिन ठकठक करायला लागेपर्यंत लोक तिसरा सोडत नाहीत आणि मग गाडी मेल्यावर दुसरा शोधतात. चढावर न्यूट्रलमध्ये घालवलेला वेळ म्हणजे वेग गेला, त्यामुळे तिथे रेंगाळायचं नाही, आधीच ठरवून, वेग असतानाच, झटकन खाली.

टाइमपास_टपरी

अवांतर: काळ्या-पिवळ्या पद्मिनीत पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी दोघं बसायचो आम्ही, गुडघ्याला गिअर लागत नाही हा हँडगिअरचा खरा फायदा. शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून. ते चालक डाव्या हाताने गिअर, उजव्याने विडी आणि तोंडाने महानगरपालिका असं एकाच वेळी चालवायचे आणि गचका बसायचा नाही. त्यांना कोणी डबल क्लचचा निबंध वाचायला दिला नव्हता.

डबलक्लच

निबंध नव्हता, दिवसाला बारा तास होते.

खडूस_म्हातारा

अवांतराला अवांतर: त्याआधीची डुक्कर फियाट कोणी चालवलीये का इथे? आमच्या चाळीत एक होती. गिअर टाकताना मालक जीभ बाहेर काढायचा.
बाकी फ्लोअर गिअरचं माझं मत कायम आहे.

उगाच_शंका

अजून एक. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने झाकून ठेवली तर गिअरवर काही परिणाम होतो का? आमच्या खारघरला पाऊस म्हणजे विचारू नका.

वागळेचा_फिटर

होतो. दमट हवेने क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते. मग इंजिन चालू करून क्लच कितीही दाबा, कुठलाच गिअर पडत नाही, सगळे खर्र, आणि मालक घाबरून फोन करतो बॉक्स गेला म्हणून. बॉक्सला काहीच झालेलं नसतं. गाडी झाकून ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा चालू करा, गरम होऊ द्या आणि क्लच दाबून-सोडून पाच-दहा वेळा हलवा, जमलं तर आवारातल्या आवारात पुढेमागे करा. चिकटलीच तर स्वतः गिअरमध्ये टाकून सेल्फ मारायचे प्रयोग सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका, समोर भिंत असते नाहीतर कोणाची तरी नवी गाडी.

पद्मिनीवाला_नौपाडा

ऑइल बदलायचं नक्की केलंय, जीएल-४ ९० नंबर मिळालं. घरीच करू शकतो का? जॅक आणि स्टँड आहेत.

वागळेचा_फिटर

करू शकता. गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे जुनं ऑइल पातळ होतं, मग सपाट जागी चारही बाजूंनी सारखी उचला, नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे.

एक लक्षात ठेवा, आधी बाजूचा भरायचा नट सुटतो का ते बघा आणि तो सुटल्यावरच खालचा खोला. उलटं केलं, खालून सगळं ऑइल सोडलं आणि वरचा गंजलेला नट फिरलाच नाही, तर रिकामा बॉक्स घेऊन गाडी जागेवर अडकते. नटाचे कोपरे मारू नका, बरोबर मापाचा पाना घ्या, पक्कड नको.

निघालेलं ऑइल पसरट ताटात घ्या आणि उन्हात धरून बघा. सोनेरी चमक, अगदी बारीक पूड, ती रिंगेची, एवढ्या वर्षांत थोडी असणारच. नखाला टोचेल असा लोखंडाचा तुकडा सापडला तर फोटो इथे टाका आणि गाडी चालवू नका. नवीन ऑइल बाजूच्या भोकाच्या काठाला येऊन बाहेर गळायला लागेपर्यंत भरायचं, गळणं थांबलं की नट बंद. जास्त भरलं तर सीलमधून येऊन क्लचप्लेटवर जातं आणि आपण परत रिव्हर्सच्या टेस्टला येतो.

पद्मिनीवाला_नौपाडा

समजलं. शनिवारी करतो, ताटाचा फोटो टाकतो. घरातलं कुठलं ताट घेऊ हा प्रश्न इथे विचारत नाही.